ड्रेपरबरोबरची जोड

माझा भाऊ लेव्हिन मार्विल वारला, त्याच्या पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाहून एक गृहस्थ आमच्या गावी आले. जिल्ह्यातल्या थोर पुरुषांची चरित्रं एका जाडजूड ग्रंथात छापायची म्हणून ते वही घेऊन घरोघर हिंडत होते. मी त्यांना कॉफी दिली, मक्याची गरम भाकरी आणि पीचचा मुरंबा दिला, आणि विचारलं तेवढं सांगितलं. जन्म कुठला, कायदा कुणाच्या कचेरीत शिकला, सनद कधी मिळाली, सरकारी वकील किती वर्षं, सिनेटमध्ये कितीदा, न्यायाधीश कधी झाला. ग्रंथ आला तेव्हा लेव्हिनला अख्खं पान मिळालं होतं. खाली लिहिलं होतं, 'त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे त्यांचे विरोधकही म्हणत. ते अविवाहित होते. त्यांचे घर त्यांची बहीण सांभाळी.'

विरोधक तसं म्हणत, हे खरं आहे. बहीण काय म्हणे, ते त्या गृहस्थांनी विचारलं नाही. मी आता अडुसष्ट वर्षांची आहे, कोणाची भीड ठेवायचं माझं वय गेलं, तेव्हा न विचारताच सांगते.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न एल्झी लॉफलँडशी झालं. देखणा माणूस. दारूचा थेंब नाही, पत्त्यांना हात नाही, दुसऱ्या बाईकडे मान वर करून बघणं नाही. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. गावातल्या बायका मला म्हणायच्या, 'लेआ, नशीब काढलंस हो.' एल्झीला एकच खोड होती. मनाविरुद्ध काही झालं की तो कोंडून घालायचा. घोड्याला, कुत्र्याला, मला. अंगणात मांसाला धुरी द्यायची खोली होती, बिनखिडकीची, तिथे. पहिल्यांदा तासभर, रताळी करपली म्हणून. मग अर्धा दिवस. शेवटच्या जानेवारीत पूर्ण दिवस, आणि बाहेर खाडी गोठलेली. आमची विनी तेव्हा पाच वर्षांची होती. ती दाराबाहेर बर्फात बसून फटीतून मला गोष्टी सांगत राहिली, मला करमावं म्हणून. ते एल्झीने पाहिलं आणि तिलाही आत ढकललं.

माझं मी सोसलं असतं, इतकी वर्षं सोसलंच होतं. पण अंधारात तिचे दात वाजताना ऐकले आणि माझ्यातलं काहीतरी कायमचं उठून उभं राहिलं. त्याच आठवड्यात तो लिलावाला गेलेला असताना मी तिला घेऊन निघाले आणि चौदा मैल चालत लेव्हिनच्या दारात येऊन बसले. लेव्हिन माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, एकटा राहणारा. त्याने एक शब्द विचारला नाही. वरची खोली दिली, विनीला आपल्या जुन्या पुस्तकांवर बसवून जेवायला घातलं, आणि दुसऱ्या दिवशी कायद्याची पुस्तकं काढली.

त्या पुस्तकांत आमच्यासाठी काही नव्हतं. कोर्टातून काडीमोड मिळायची कारणं ठरलेली होती, आणि बायकोला कोंडून ठेवणं त्या यादीत नव्हतं. मूल तर बापाचंच, त्यात वादच नाही. यादीबाहेरच्या बायकांना एकच दार उघडं होतं. कायदेमंडळाकडे अर्ज करायचा, आणि दोन्ही सभागृहांनी त्या एकटीच्या नावाचा कायदा करायचा. त्याच कायद्यात मूल आईकडे राहील असं एक वाक्य घालता येई. कायदेमंडळ दोन वर्षांतून एकदा बसे, जानेवारीत, आणि मार्च लागता लागता उठे. आमचं राज्य एवढंसं, तीन जिल्ह्यांचं. सिनेटमध्ये माणसं नऊ. हजर कितीही असोत, बिलाला पाच मतं लागत.

पुढच्या अधिवेशनाला वर्ष होतं. ते वर्ष आम्ही काढलं. एल्झी गप्प राहिला, कारण वकिलांनी त्याला सांगितलं होतं की आता तमाशा केलास तर सिनेटला बघायला मिळेल. लेव्हिन तेव्हा सिनेटवर निवडून आलेला होता, त्याने बिल स्वतःच्या हाताने लिहिलं. भावाने बहिणीच्या बिलावर मत द्यावं का, असं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे कोण कोणाचा चुलत नाही, हे शोधायला निघालं तर सिनेटमध्ये मत द्यायला कोणी उरलं नसतं.

खालच्या सभागृहात बिल सहज पास झालं. मी राजधानीत लेव्हिनच्याच खाणावळीत खोली घेऊन राहिले होते. विनीला गावी शेजारच्या म्हाताऱ्या कझिया बाईंकडे ठेवलं होतं. लेव्हिनने नाश्त्याच्या टेबलावर सिनेटची माणसं बोटांवर मोजली.

"चार पक्के," तो म्हणाला. "आणि मी. पाच."

"सहावा कोणी?"

"पाच लागतात, ली. सहावा शोभेला." लेआचं ली त्यानेच केलं होतं.

आता ती जोड सांगायला हवी. आमच्या सिनेटमध्ये एक जुनी रीत होती. एका बाजूच्या माणसाला घरी जावं लागलं तर तो समोरच्या बाजूचा एक माणूस गाठे. दोघं हात मिळवत. हा परत येईपर्यंत तोही मत देणार नाही, म्हणजे कोणाचंच पारडं जड व्हायचं नाही. याला जोड म्हणत. लिहिणं नाही, सही नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. जोड मोडणाऱ्याला कायद्याने काही करता येत नसे. फक्त मग त्याच्याशी कोणी कधी जोड करत नसे, आणि चर्चच्या पायऱ्यांवर लोक दुसरीकडे बघत.

फेब्रुवारीच्या मध्यावर नेहेमाया ड्रेपर नावाच्या सिनेटरला घरून निरोप आला. लहान मुलाला लाल पुरळाचा ताप चढला होता. ड्रेपर विरुद्ध पक्षाचा, मेथडिस्ट पंथाचा, उंच आणि घुम्या माणूस. तो टोपी हातात घेऊन सभागृहाच्या दाराशी उभा होता आणि पहिला समोर आला तो लेव्हिन. लेव्हिनने हात पुढे केला. "तुम्ही जा, मिस्टर ड्रेपर. तुम्ही येईपर्यंत मी आहे." ड्रेपर त्याच पावली निघाला. माझं बिल महिनाअखेरीला येणार होतं, तोवर हा परत येईल असा लेव्हिनचा हिशेब. चांगला माणूस होता माझा भाऊ. बापाचं पडलेलं तोंड पाहून त्याने हात पुढे केला, त्याबद्दल मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही.

पण सिनेटमध्ये एल्झीच्या बाजूचा टनेल म्हणून एक गब्दुल माणूस होता. त्याला मोजता येत होतं. मंगळवारी सकाळी त्याने उठून सांगितलं, लॉफलँड बिल गुरुवारी सकाळी घ्या. लेव्हिनने पुढच्या आठवड्याची तारीख मागितली, ती मिळाली नाही. ड्रेपर अजून घरीच होता.

दुपारच्या जेवणाला लेव्हिन खाणावळीत आला तो कालवांच्या वाडग्यात नुसता चमचा फिरवत बसला. मी सभागृहाच्या सज्जात बसून सगळं ऐकलंच होतं.

"चिठ्ठी पाठव," मी म्हटलं.

"कोणाला?"

"पोपला. अरे, ड्रेपरला, आणखी कोणाला? अठरा मैलांवर तर आहे. घोडेस्वार उद्या सकाळी पोचेल, संध्याकाळी परत येईल. लिही, एवढ्या एका बिलापुरतं मला मोकळं करा."

"त्याचं पोर मरणाच्या दारात आहे. त्याच्या उशाशी बसलेल्या बापाला मी मताची चिठ्ठी पाठवू?"

"आणि माझं पोर कुठल्या दारात आहे?"

लेव्हिनने चमचा खाली ठेवला. "त्याचं उत्तर मला माहीत आहे, ली. गेल्या अधिवेशनात तो असल्या बिलांवर पाऊण तास बोलला. देवाने जोडलेलं नऊ माणसांनी हात वर करून तोडायचं नसतं, म्हणाला. त्याला विचारणं म्हणजे त्याला कात्रीत धरणं. नाही म्हणाला तर बाईचं पोर काढून घेतल्याचं पाप, हो म्हणाला तर स्वतःच्या श्रद्धेशी बेइमानी. आणि तेही आत्ता, त्याच्यावर ही वेळ असताना."

"मग धर की कात्रीत. मेला नाही कोणी कात्रीत धरल्याने."

"तो माझ्यावर विसंबून गेलाय."

"मीही तुझ्यावरच विसंबून आहे."

सिनेटचे म्हातारे कारकून ओबेड शेजारच्याच टेबलावर जेवत होते. त्यांनी तोंड पुसून हळूच म्हटलं, "मार्विलसाहेब, माणूस मी देतो. माझा पुतण्या जाईल. विचारायला काय हरकत आहे?" लेव्हिन म्हणाला, "शब्द देताना मी अटी घातल्या नव्हत्या. आता मागून कशा घालू?" आणि टोपी घेऊन उठला.

"मग मी जाते," मी म्हटलं.

"अर्जदाराने सिनेटरच्या दारात जायचं नसतं. टनेलला कळलं तर त्या एका कारणावर बिल मरेल, आणि पुढच्या वेळीही मरेल."

मी गेले नाही. हे मात्र त्याच्या माथ्यावर नाही, माझ्या आहे. चौदा मैल पोर कडेवर घेऊन चालले होते मी, पण अठरा मैल गाडीतून जायला माझ्या पायांत बळ आलं नाही, कारण भावाने म्हटलं की तसं करायचं नसतं. लेव्हिनला कायदा कळत होता आणि मला वाटलं की ज्याला कायदा कळतो त्याला सगळं कळतं.

गुरुवारी मी सज्जात पहिल्या रांगेत बसले. खाली शेगडी धुमसत होती, तंबाखूचा वास येत होता. टनेल फारसं बोलला नाही, त्याला गरजच नव्हती. ओबेड नावं वाचू लागले. हो. हो. नाही. ड्रेपर, गैरहजर. हो. पुढचं नाव घ्यायचं त्या म्हाताऱ्यालाही जिवावर आलं होतं.

"मार्विल."

लेव्हिन उठला. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता, तो मला वरून दिसत होता. भाषण नको, कारण नको, एवढासा 'हो' हवा होता मला. तो म्हणाला, "सिनेटर ड्रेपर यांच्याबरोबर माझी जोड आहे. ते हजर असते, तर त्यांचं मत 'नाही' पडलं असतं आणि माझं 'हो'." आणि खाली बसला.

चार हो, तीन नाही. जास्त लोक माझ्या बाजूचे होते, आणि बिल पडलं.

सभागृह उठल्यावर माणसं लेव्हिनभोवती जमली. टनेलने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मार्विल, आज या सभागृहाची शान राखलीत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीची किंमत देऊन ते एकमेकांची शान राखत होते आणि त्यांचे डोळे ओले झाले होते.

आठ दिवसांत एल्झीने न्यायाधीशाकडून हुकूम आणला. पोर बापाच्या ताब्यात द्यावं. लेव्हिनने तो तीनदा वाचला, त्यात कुठे फट सापडते का म्हणून. सापडली नाही. मी म्हटलं, मी तिला घेऊन मेरीलँडला पळते. तो म्हणाला, "सीमेवर शेरीफ तुला धरेल, मग तुला तिचं तोंडही बघू देणार नाहीत. मी तिला नेतो. शेरीफच्या हातून नको." आता विचार करते तेव्हा वाटतं, पळायचं होतं. धरलं असतं तर धरलं असतं. तिला एवढं तरी कळलं असतं की आई पळाली होती.

मी तिला तिचे दोन झगे घातले, एकावर एक, कारण पेटीत मावत नव्हते. तिला सांगितलं मामाबरोबर फिरायला जायचंय. ती सहा वर्षांची होती, मूर्ख नव्हती. फिरायला जाताना कोणी दोन झगे घालत नाही. ती रडली नाही. माझी मान धरून एवढंच म्हणाली, "तिथे ती खोली आहे ना?" मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. आठवलं असतं तर मी जगले नसते. लेव्हिनने तिला उचलून गाडीत ठेवलं, गुडघ्यांवर रानगव्याच्या केसाळ कातड्याचं पांघरूण घातलं, आणि गाडी गेली. संध्याकाळी तो एकटा परत आला आणि घोडा सोडायला तबेल्यात गेला तो तास झाला तरी बाहेर आला नाही.

मार्चच्या शेवटी नेहेमाया ड्रेपर आमच्याकडे आला. दंडाला काळी पट्टी होती. मुलगा गेला होता, बिल पडलं त्याच दिवशी दुपारी. तो लेव्हिनचे आभार मानायला आला होता, एवढ्या लांब, चिखलातून. मी त्याला कॉफी दिली. दुःखात आलेल्या माणसाला कॉफी द्यावीच लागते.

"कारकुनांनी मला सांगितलं," ड्रेपर लेव्हिनला म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी बसून राहिलात. एक विचारू? मला का नाही विचारलंत?"

"तुमच्या घरात ती वेळ होती, आणि तुमचं मत मला ठाऊक होतं."

"ते मत दोन वर्षांपूर्वीचं." ड्रेपर पेल्यात बघत राहिला. "मधल्या काळात मी एल्झी लॉफलँडकडून एक घोडी विकत घेतली. तिचं तोंड उघडून पाहिलं. लगामाने जीभ अर्धी कापलेली होती. अजूनही कोणी तबेल्याचं दार ओढून घेतलं की ती थरथरते. तुमच्या बहिणीचा अर्ज छापून आला तेव्हा मी वाचला आणि माझ्या बायकोला म्हणालो, या बाईचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी 'हो'च म्हणणार होतो, मार्विल. दोघांचंही मत एकच असेल तर जोड लागतच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी दिवसभर खिडकीशी बसून होतो. करण्यासारखं काही नव्हतं. चिठ्ठी आली असती तर दोन ओळी लिहायला मला बरंच वाटलं असतं."

लेव्हिनचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तो उठून खिडकीकडे गेला. ड्रेपर माझ्याकडे वळून म्हणाला, "मला क्षमा करा." ज्याची काहीच चूक नव्हती त्याने क्षमा मागितली. ज्याची होती तो बाहेर बघत होता.

लेव्हिनने दुसऱ्याच दिवशी गाडी जोडली आणि एल्झीकडे गेला, सामोपचाराने काही होतं का बघायला. घर बंद होतं. शेत विकलं होतं. शेजारी म्हणाला, आयोवाकडे गेले म्हणतात, का मिसुरीकडे. पोरगी बरोबर होती.

दोन वर्षांनी ड्रेपरने स्वतः माझं बिल मांडलं. नऊच्या नऊ मतं पडली, टनेलचंसुद्धा. राज्याची मोहर लावलेला कागद लेव्हिनने घरी आणून माझ्यासमोर ठेवला. मी कायद्याने मोकळी होते आणि विनीची पालक होते. ती कुठे होती ते त्या कागदाला माहीत नव्हतं. लेव्हिनने पश्चिमेकडच्या प्रत्येक जिल्ह्याच्या शेरीफला पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं, सुवाच्य अक्षरात. तीन-चार उत्तरं यायची. तपास लागला नाही.

लोकांना वाटत असेल की या प्रसंगाने माणूस बदलला असेल. बदलला नाही. उलट आणखी शब्दाचा पक्का झाला. शब्दापायी एवढं दिल्यावर तो शब्द स्वस्त होता असं म्हणणं त्याला परवडलं नसतं, असं मला वाटतं. त्याला न्यायाधीश केलं, ते त्याच कीर्तीवर. मी त्याचं घर सांभाळत राहिले. त्याचे सदरे इस्त्री केले, त्याच्या आवडीची कालवं तळली, आणि अठरा वर्षं त्या गुरुवारबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. एका घरात दोन माणसांना इतकं गप्प राहता येतं, हे राहून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

अठराव्या वर्षी विनीचं पत्र आलं. एल्झी वारला होता. त्याच्या कागदांत लेव्हिनने कुठल्याशा शेरीफला लिहिलेलं एक जुनं पत्र सापडलं, त्यावरून तिला आमचं गाव कळलं. तिचं लग्न झालं होतं, ती नवऱ्याबरोबर बाल्टिमोरला चालली होती, वाटेत दोन आगगाड्यांच्या मधे तिला अडीच तास मिळत होते. अडीच तास. मी चार दिवस घर घासलं.

ती आली ती एकटीच. उंच झाली होती, बापासारखी देखणी. मी तिला पोटाशी धरलं तेव्हा तिने धरू दिलं, एखाद्या दूरच्या नातेवाइकाला धरू द्यावं तसं. मी वाढलं ते सगळं तिने थोडंथोडं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली. ती मला कशानेच हाक मारत नव्हती. आई नाही, नाव नाही, काहीच नाही. लेव्हिन टेबलाच्या टोकाला बसला होता, पन्नाशी उलटलेला, आणि तिच्याकडे टक लावून बघत होता.

मग तिने काटा-सुरी नीट ठेवली आणि त्याच्याकडे वळली.

"वडील सांगायचे, आईकडे मी राहावं की नाही यावर मत घेतलं होतं, आणि मामा गप्प बसला. खरं आहे?"

"खरं आहे," लेव्हिन म्हणाला.

एवढंच. आजूबाजूला एक शब्द नाही. मला राहवलं नाही. "अगं, तसं नाही ते," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगत सुटले. जोड म्हणजे काय, ड्रेपरचं पोर कसं आजारी होतं, तुझ्या मामाने बिल स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, किती पत्रं पाठवली. जे त्याला सुनवायचं म्हणून इतकी वर्षं दातांखाली धरलं होतं, त्याच्या नेमकं उलट मी बोलत होते. त्याची वकिली करत होते. माझी मलाच लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं.

विनीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मामांनी शब्द पाळला," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"त्या दिवशी गाडीत मी विचारलं होतं. मामा, तुम्हाला आठवतं? मी म्हणत होते, मला परत न्यायला कधी येणार. पुलापासून फाटकापर्यंत तेच विचारत होते."

मला हे माहीत नव्हतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"आठवतं," लेव्हिन म्हणाला.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"येता येईल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं, बाळ. ठाऊक नसताना शब्द कसा देणार होतो?"

ती त्याच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "खोटा दिला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "सहा वर्षांची होते मी. त्यावर दिवस काढले असते."

मग तिने हातमोजे चढवले, कारण गाडीची वेळ होत आली होती. स्टेशनपर्यंत मी बरोबर गेले. ती म्हणाली पत्र लिहीन, आणि तिने नाताळला लिहिलंही, दरवर्षी, एका पानाचं.

मी परतले तेव्हा लेव्हिन तसाच टेबलाशी होता. उष्टी भांडी तशीच. मी ती गोळा करू लागले, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. असा स्पर्श आमच्यात कधी नव्हता.

"ली, कधीतरी मला माफ करशील?"

याच प्रश्नाची मी वाट पाहिली होती. तो विचारील तेव्हा काय बोलायचं, ते हजार वेळा घोकून ठेवलं होतं. आणि मी म्हणाले, "करीन की नाही, मला माहीत नाही."

त्याने मान हलवली, कोर्टात एखादं प्रामाणिक उत्तर मिळाल्यावर हलवायचा तशी, आणि माझा हात सोडला. त्यानंतर तो वीस वर्षं जगला. परत त्याने विचारलं नाही, आणि मीही आपणहून बोलले नाही, कारण दर वेळी मनात शोधून पाहिलं तर 'माफ केलं' हे नक्की खरं आहे असं मला म्हणता येत नव्हतं. मीही मार्विलच ना. शेवटच्या दुखण्यात तो माझ्याकडे बघत राहायचा आणि मी त्याची उशी सारखी करायचे. त्या दिवशी टेबलाशीच 'हो' म्हणायला हवं होतं मी. खोटं तर खोटं. त्याला वीस वर्षं पुरलं असतं.